आरएसव्हीची लस यायला इतकी वर्षं का लागली?

तुमचा प्रश्न असा: आरएसव्ही हा श्वसनमार्गाचा विषाणू १९५६ पासून माहीत आहे, मग त्याची पहिली लस २०२३ मध्ये का आली? तान्ह्या बाळाला सर्दी होते, दोन-तीन दिवसांत छाती घरघरते, पोट उडायला लागतं, दूध ओढवत नाही. त्यामागे बऱ्याचदा हाच विषाणू असतो. लशीचा प्रयत्न तसा लवकरच झाला होता, पण तो असा अंगावर आला की पुढे सगळेच जपून पावलं टाकू लागले.

१९६६ मध्ये अमेरिकेत बाळांना फॉर्मलिनने मारलेल्या विषाणूची लस दिली गेली. कृती साधी होती. माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत विषाणू वाढवायचा, ४००० भागांना १ भाग फॉर्मलिन घालून साधारण ३७ अंशांवर ७२ तास ठेवायचा आणि ॲल्युमिनियमच्या क्षारावर बसवून टोचायचा. एका गटातल्या ३१ बाळांपैकी २० जणांना पुढे खरा संसर्ग झाला, त्यातल्या १६ जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं आणि २ बाळं दगावली. तुलनेसाठी दुसरी लस दिलेल्या बाळांत संसर्गानंतर भरती होण्याचं प्रमाण फक्त ५ टक्के होतं.

या बाळांच्या रक्तात प्रतिपिंडं (विषाणूला चिकटणारी, शरीराने बनवलेली प्रथिनं) भरपूर होती, फक्त ती विषाणूला रोखत नव्हती. आरएसव्हीच्या अंगावर एफ नावाचं प्रथिन असतं. पेशीला चिकटण्याआधी ते ताणून ठेवलेल्या उंदराच्या सापळ्यासारखं असतं; जरा धक्का लागला की चाप सुटतो आणि आकार कायमचा बदलतो. फॉर्मलिन, ऊब आणि शुद्धीकरण यांत लशीतले जवळजवळ सगळे चाप आधीच सुटले होते. शरीराने ओळख करून घेतली ती सुटलेल्या चापाची. शिवाय त्या लशीने ॲलर्जीच्या वळणाची प्रतिकारशक्ती जागवली, त्यामुळे संसर्ग होताच फुप्फुसांतच जोराची सूज आली.

म्हणूनच आज कुणी ‘आमच्या लशीने प्रतिपिंडं तयार होतात’ एवढंच सांगितलं, तर मी पुढचा आकडा विचारतो. एलायझा या प्रतिपिंडं मोजायच्या नेहमीच्या चाचणीत, ताटलीवर कळतं ते फक्त चिकटण्याचं प्रमाण. रोखण्याची ताकद मोजायची तर रक्तद्रव ५६ अंशांवर अर्धा तास तापवायचा, दुप्पट-दुप्पट पातळ करत न्यायचा, प्रत्येक पातळीत ठरावीक विषाणू मिसळून ३७ अंशांवर तासभर ठेवायचा आणि मग पेशींच्या थरावर ओतायचा. काही दिवसांनी थराला पडलेली भोकं मोजायची. ज्या पातळीवर ती निम्मी होतात, तो खरा आकडा. इथे एक हमखास फसगत होते: आरएसव्ही फार नाजूक आहे. साखरेच्या द्रावणाशिवाय हळूहळू गोठवला तर बराचसा मरतो. मग मुळात विषाणूच कमी असतो आणि लस आहे त्याहून गुणकारी दिसते. म्हणून प्रत्येक वेळी विषाणूचं माप नव्याने घ्यावं लागतं, त्याला पर्याय नाही.

कोंडी फुटली २०१३ मध्ये. मॅकलेलन, ग्रॅहम आणि क्वाँग या संशोधकांच्या गटाने एफ प्रथिनाचा चाप सुटण्यापूर्वीचा आकार पाहिला आणि तो तसाच जखडला. प्रथिनाच्या साखळीत १५५ आणि २९० या जागी सिस्टीन हे गंधक असलेलं अमिनो आम्ल बसवून दोघांत गंधकाचा टाका घातला. १९० आणि २०७ या जागी मोठी अमिनो आम्लं बसवून आतली पोकळी भरून काढली. चारच बदल! पण या आकाराच्या शेंड्यावरच सर्वांत बलवान प्रतिपिंडं बसतात आणि चाप सुटल्यावर ती जागाच उरत नाही.

मे २०२३ मध्ये अमेरिकेत साठीपुढच्यांसाठी अरेक्सव्ही (१२० मायक्रोग्रॅम प्रथिन आणि सोबत प्रतिसाद वाढवणारा घटक) आणि अब्रिस्व्हो (ए आणि बी उपप्रकारांचं प्रत्येकी ६० मायक्रोग्रॅम) यांना मान्यता मिळाली. अब्रिस्व्हो ऑगस्टपासून गर्भवतींनाही चालते, ३२ ते ३६ आठवड्यांत. आईची प्रतिपिंडं नाळेतून बाळाला मिळतात. चाचणीत जन्मानंतरच्या पहिल्या ९० दिवसांत गंभीर आजार सुमारे ८२ टक्क्यांनी कमी झाला.

हीच शिकवण कोविडमध्ये कामी आली. पुण्यात सीरमने बनवलेल्या कोवोव्हॅक्स या कोविड लशीचं स्पाइक प्रथिन (कोरोना विषाणूच्या अंगावरचं) प्रोलिन या अमिनो आम्लाचे दोन रेणू घालून असंच जखडलेलं आहे; कोविशील्डमध्ये तो बदल नव्हता, तरी ती लस उपयोगी पडली. आकार महत्त्वाचा, पण तो एकटाच सगळं ठरवत नाही. कोवॅक्सिन तर पूर्ण मारलेल्या विषाणूची लस. १९६६ सारखी गत होऊ नये म्हणून तिच्या ॲल्युमिनियमवर मुद्दाम असा रेणू जोडला, की प्रतिसाद ॲलर्जीच्या वाटेला जाऊ नये.

थेट बाळाला टोचायची लस मात्र अजून नाही. आधी कधी संसर्ग न झालेल्या बाळाची प्रतिकारशक्ती कोरी असते, धोका तिथेच आहे. एका एमआरएनए लशीच्या चाचणीत लस घेतलेल्या तान्ह्यांमध्ये गंभीर आजार जास्त दिसला आणि डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत बाळांवरच्या अशा चाचण्या थांबवल्या गेल्या. तोवर दोन वाटा आहेत: आईला लस, किंवा बाळाला तयार प्रतिपिंड. उदाहरणार्थ निरसेव्हिमॅब: पहिल्या मोसमात ५ किलोंच्या आत ५० मिलिग्रॅम, त्यापुढे १००, एकच इंजेक्शन.