लाकडी लुअर रंगवायला पहिला एअरब्रश कोणता घेऊ?

तुम्ही लिहिलंय की घोडबंदर रोडला राहता, सुट्टीच्या दिवशी खाडीवर जिताडा माशाच्या मागे असता, लुअर (मासे पकडायचं नकली आमिष) स्वतः तासता आणि आता स्प्रे कॅनचा कंटाळा येऊन एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारा पेनासारखा ब्रश, हवाय. दहा हजारांत काय बसेल? मी पलीकडे ऐरोलीत राहतो. चार वर्षं हाच उद्योग गॅलरीत चाललाय (घरात याला उद्योग म्हणत नाहीत, पसारा म्हणतात).

ब्रश कोणता हे नंतर बघू. आधी हवा कुठून आणणार ते ठरवा. ब्रशच्या बुडाला लावायचे, चार्जिंगवाले, मुठीत मावणारे कंप्रेसर ऑनलाइन दिसतील. घेऊ नका. केकवर रंग मारायला ठीक आहेत, पण त्यांचा दाब कमी पडतो आणि हवा धडधडत येते, त्यामुळे रंग नितळ न बसता ठिपक्यांनी बसतो. माझे पहिले पैसे तिथेच बुडाले. टाकी असलेला छोटा, बिनतेलाचा पिस्टन कंप्रेसर घ्या, तीन लिटरची टाकी पुरते. हवा एकसारखी येते आणि टाकी भरली की मोटर आपोआप थांबते, म्हणून खालच्या मजल्यावरचे काका वर येत नाहीत. दहापैकी निम्म्याहून जास्त पैसे इथेच जाऊ द्या.

त्याच्यासोबत मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारी वाटी) हवाच. आपण खाडीकाठची माणसं, हवा दाबली की तिच्यातलं पाणी सुटणारच. एका जुलैत मी बोईट माशासारखा लुअर रंगवत होतो. पाठीचा करडा-हिरवा झाला, पोटाची चांदी झाली, डोळ्यामागची सावली मारायला ब्रश जवळ नेला आणि नॉझलने (रंग बाहेर पडायच्या टोकाने) फुर्रकन पाण्याचा थेंब थुंकला. चांदीवर डाळीएवढं भोक पडलं, खालचा प्रायमर दिसायला लागला. सगळं घासून पुन्हा सुरुवात. ट्रॅपची काचवाटी उघडली तर तळाला चांगलं चमचाभर पाणी. तेव्हापासून पावसाळ्यात दर बैठकीआधी वाटी रिकामी करतो, आणि बैठक संपली की टाकीच्या बुडाचा नळही उघडतो.

आता ब्रश. डबल अ‍ॅक्शन, वर कप असलेला, म्हणजे ग्रॅव्हिटी फीड. खटका खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. पहिले दोन दिवस बोट ऐकत नाही, जुन्या वर्तमानपत्रावर रेघा मारत बसा. सिंगल अ‍ॅक्शन (खटका दाबला की हवा आणि रंग एकत्रच) स्वस्त असतो, पण पाठीवरून पोटाकडे विरत जाणारा रंग त्याने नीट जमत नाही, आणि लुअरवर तेच तर करायचं असतं. खाली बाटली लटकणारे ब्रश एकाच रंगाच्या मोठ्या कामाला बरे. आपल्याला एका लुअरला पाच-सहा रंग, तेही थेंबाथेंबाने.

नॉझल ०.३ मिमी घ्या. ०.२ च्या नादी लागू नका. पर्ल आणि मेटॅलिक रंगातली चमक म्हणजे बारीक कणच असतात, ते तिथे अडकतात. साधा बिनब्रँडचा ०.३ चा चिनी ब्रश या बजेटमध्ये आरामात बसतो, शिकायला तोच बरा. पुढेमागे पैसे जमले तर बॅजर कंपनीचा पेट्रियट १०५ बघा. त्याचा ०.५ चा नॉझल प्रायमर आणि पर्ल दोन्ही निमूट सोडतो. फक्त बॅजरच्या नळीचे आटे वेगळे असतात, अ‍ॅडॉप्टर लागेल. बाकी बहुतेक ब्रशना १/८ बीएसपी (आट्यांचं एक ठरलेलं माप) चालतं. जोडण्या आणि नळ्या मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हातात घेऊन बघता येतात.

स्वस्त ब्रशचा नॉझल तांदळाच्या दाण्याहून लहान असतो. सोबत आलेल्या पान्याने जोर लावून आवळलात तर आटे आतच तुटून राहतात. मी एक तसा घालवलाय. टेकला की थांबायचं.

रंग पाण्यावरचे अ‍ॅक्रिलिक वापरा, दुधाएवढे पातळ करून, दाब २० ते २५ पीएसआय. प्रत्येक थर हेअर ड्रायरने वाळवा. खवल्यांसाठी महागडं स्टेन्सिल नको, लसणाची जाळी ताणून लुअरवर बसवा आणि कपड्यांच्या चिमट्यांनी धरा. खाली काळपट थर, जाळीवरून चांदी. जाळी उचलली की प्रत्येक खवल्याला काळी किनार दिसते. तो क्षण मला अजूनही आवडतो. रंग बदलताना कपमध्ये पाणी घालून उडवा, आणि काम संपल्यावर सुई मागून काढून पुसा. वाळलेला रंग आत राहिला तर पुढचा रविवार ब्रश उकलण्यातच जाईल. खिडकी उघडी ठेवा, मास्क लावा, रंग पाण्यावरचा असला तरी.

शेवटचा एपॉक्सीचा (पारदर्शक राळेचा) थर मुसळधार पावसाच्या दिवशी देऊ नका, दुधाळ येतो. मी ते काम ऑक्टोबरवर ढकलतो. आणि रंगवण्याआधी तीन टोकांचे गळ काढून ठेवा. माझी पहिली हवेची नळी गळ अडकूनच फाटली होती.