अहवालातले नाव बदलले, म्हणजे आजार वाढला का?

प्रश्न : माझ्या मुलाला आठव्या वर्षी ‘अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम’ असल्याचे निदान झाले होते. आता तो सतरा वर्षांचा आहे. नुकत्याच झालेल्या फेरतपासणीच्या अहवालात ‘ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर, पातळी १’ असे लिहिले आहे. तो अभ्यासात हुशार आहे, पण त्याला मित्र नाहीत आणि गोंगाटात तो कासावीस होतो. त्याची अवस्था बिघडली आहे का?
– एक आई

उत्तर : आपण लिहिलेल्या मजकुरातून अवस्था बिघडल्याचे दिसत नाही, बदलली आहे ती वर्गीकरणाची पद्धत. व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ हान्स अ‍ॅस्पर्जर यांनी १९४४ मध्ये अशा मुलांचे वर्णन केले आणि १९८१ मध्ये ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांनी अ‍ॅस्पर्जर यांचे नाव या लक्षणसमूहाला दिले. १९९४ च्या अमेरिकन निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. दुसऱ्या वर्षापर्यंत सुटे शब्द आणि तिसऱ्या वर्षापर्यंत छोटी वाक्ये बोलू लागलेले, म्हणजे भाषा वेळेवर आलेले मूल, अशी तेव्हाची मुख्य अट होती. प्रत्यक्षात मात्र ही सीमारेषा टिकेना. एकाच मुलाला दोन तज्ज्ञांकडून दोन नावे मिळत. म्हणून २०१३ मध्ये त्याच पुस्तिकेत अ‍ॅस्पर्जरसह अशी सर्व निदाने स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) एकाच वर्णपटात (स्पेक्ट्रममध्ये) घेण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेचे तसेच वर्गीकरण २०२२ पासून लागू झाले, तोवर तिच्या वर्गीकरणात जुने नाव होते, त्यामुळे आपल्या पहिल्या डॉक्टरांचे निदान त्या काळाच्या नियमांना धरूनच होते. (नाझी राजवटीत अ‍ॅस्पर्जर यांनी काही अपंग मुलांना, जिथे मुलांना ठार मारले जात होते त्या संस्थेत पाठवल्याचे पुरावे पुढे आल्यामुळे अनेक जण आता हे नाव टाळतात, पण वर्गीकरण बदलण्याचे कारण ते नव्हते.)

‘पातळी १’ हा आकडा बुद्धिमत्तेचा नाही, तर दैनंदिन जीवनात किती आधार लागतो याचा आहे, आणि तो परिस्थितीनुसार कमी-जास्त होऊ शकतो. वर्णपट म्हणजे सौम्य ते तीव्र अशी सरळ रेघ, हा समज माझ्या मते सर्वांत त्रासदायक आहे, कारण आवडत्या विषयावर तासभर अस्खलित बोलणारा मुलगा वेळापत्रक अचानक बदलले की कोलमडतो तेव्हा लोक त्याला हट्टी ठरवतात. गोंगाटाचा त्रासही नखरा नव्हे. आवाज, प्रकाश, स्पर्श यांची अतिसंवेदनशीलता २०१३ पासून निदानाच्या निकषांतच आहे. आवाज रोखणारे हेडफोन, उठून जाता येईल अशी शांत जागा आणि बदलांची पूर्वसूचना यांनी पुष्कळ फरक पडतो.

मैत्रीबाबत संशोधक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलेला विचार उपयोगी आहे : समजण्यातली अडचण दोन्ही बाजूंची असते, एकट्या स्वमग्न व्यक्तीची नव्हे. त्यामुळे गर्दीच्या समारंभांत ढकलण्यापेक्षा त्याच्या आवडीच्या विषयाभोवती जमणारा छोटा गट शोधावा. आपण इतरांसारखे आहोत असे दिवसभर भासवत राहण्याने येणारा थकवा मात्र हलका घेऊ नये. या वयात चिंता आणि नैराश्य स्वमग्न मुलांमध्ये तुलनेने अधिक आढळते. झोप किंवा भूक बदलली, आवडते विषयही नकोसे झाले, तर विलंब न करता मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे.

जुना अहवाल टाकून देऊ नका. महाविद्यालयात सवलतींसाठी अर्ज करताना नव्या अहवालासोबत तो जोडावा, आणि त्याआधी दोन्ही अहवाल मुलाला स्वतःला वाचू द्यावेत.