वाचकांचे प्रश्न : चार डिस्क, एक पूल आणि रेडचा घोळ

प्रश्न : नॅससाठी (घरच्या नेटवर्कवरून फाइल साठवायच्या मशीनसाठी) ४ टीबीच्या चार डिस्क घेतल्यात, त्याची ट्रूनॅस ही ऑपरेटिंग सिस्टम टाकून झालीय. रेडझेड-१ (रेड म्हणजे अनेक डिस्क जोडून डेटा सांभाळायची पद्धत, यात एका डिस्कइतकी जागा राखीव) केलं तर १२ टीबी मिळतात, मिरर (जोडीतल्या दोन्ही डिस्कवर तीच प्रत) किंवा रेडझेड-२ (दोन डिस्कइतकी जागा राखीव) केलं तर ८च. मग चार टीबी कशाला घालवायचे? आणि पुढे जागा कमी पडली तर पाचवी डिस्क लावता येईल ना?

उत्तर : ते चार टीबी जात नाहीत हो, एक डिस्क मेल्यावर पुढचे काही तास डेटा शाबूत राहावा म्हणून आहेत ते. डिस्क मरते तेव्हा रेडझेड-१ धावून येतं हे खरं, पण खरी परीक्षा त्यानंतर. नवी डिस्क लावली की रिसिल्व्हर सुरू होतो, म्हणजे उरलेल्या तिन्ही डिस्कवरचा सगळा डेटा वाचून चौथी पुन्हा भरायची, आणि ४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबीने सलग लिहिली तरी सात तासांवर जातं, भरलेल्या पूलवर (सगळ्या डिस्क मिळून झालेल्या साठ्यावर) त्याहून बराच जास्त वेळ लागू शकतो. तेवढा वेळ पॅरिटी, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा परत उभा करणारी जादा माहिती, शिल्लक नसते. चारही डिस्क एकाच वेळी घेतलेल्या, सारख्याच वापरलेल्या, त्यात सगळ्यांना एकदम कामाला लावलंय, अशात दुसरी गेली की अख्खा पूल गेला.

रेडझेड-२ मध्ये कुठल्याही दोन गेल्या तरी चालतं. दोन मिररच्या जोड्यांत दुसरी गेलेली डिस्क त्याच जोडीतली निघाली तर संपलं, पण रिसिल्व्हरला फक्त जोडीदार डिस्क वाचावी लागते, म्हणून काम लवकर उरकतं आणि व्हर्च्युअल मशीन वगैरे चालवायच्या असतील तर वेगही मिळतो. नुसते फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं ठेवायची असतील तर मी डोळे मिटून रेडझेड-२ सांगेन. (स्क्रीनवर ८ ऐवजी सव्वासातच्या आसपास दिसेल, घाबरू नका, तो टीबी (हजाराच्या पटीत) आणि टीआयबी (१०२४च्या पटीत) यांच्या हिशेबाचा फरक आहे.)

पाचव्या डिस्कचं म्हणाल तर ओपनझेडएफएस (ट्रूनॅस वापरते ती फाइल सिस्टम) २.३ पासून, म्हणजे जानेवारी २०२५ पासून, रेडझेडमध्ये एकेक डिस्क वाढवता येते. पण जुना डेटा जुन्याच पॅरिटीच्या प्रमाणात राहतो, आणि रेडझेड-१ चं रेडझेड-२ काही होत नाही, त्यामुळे हा निर्णय आत्ताच घ्या. आणि कृपा करून ही डिस्क कमांड लाइनवरून नुसतं 'झेडपूल ॲड' करून लावू नका. तसं केलं की ती वेगळी व्हीडेव्ह (पूलमधला डिस्कचा स्वतंत्र गट) बनते, एकटी, तिला कसलंच संरक्षण नाही आणि ती मेली की तिच्यासोबत पूर्ण पूल जातो. सिस्टम आधी रिप्लिकेशन (संरक्षणाची पातळी) जुळत नाही म्हणून अडवते, पण लोक घाईत 'मायनस एफ' (जबरदस्तीने करायचा पर्याय) टाकून पुढे जातात आणि रेडझेड असलेल्या पूलमधून ती व्हीडेव्ह नंतर काढताही येत नाही!

डिस्क सीएमआर (डेटाचे ट्रॅक वेगवेगळे असणाऱ्या) आहेत ना तेवढं मॉडेल नंबरवरून बघून घ्या, एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवलेल्या) असतील तर रिसिल्व्हर फार रेंगाळतो. आणि कितीही पॅरिटी ठेवली तरी चुकून डिलीट केलेलं फोल्डर रेड परत देत नाही, त्याला स्नॅपशॉट (त्या-त्या वेळी डेटा जसा होता त्याची जपलेली स्थिती) लागतात, आणि अख्खं मशीनच जळालं तर दुसरीकडे ठेवलेली कॉपी लागते.

प्रश्न : माझा पूल सकाळपासून 'डिग्रेडेड' दाखवतोय. डिस्क काढून परत लावू का?

उत्तर : थांबा, 'डिग्रेडेड' म्हणजे एखादी डिस्क नीट चालत नाही, पण पूल चालू आहे. आधी महत्त्वाचा डेटा दुसरीकडे कॉपी करा, पूल अजून वाचता येतोय तोवर. मग 'झेडपूल स्टेटस' बघा. नुसत्या चेकसमच्या (वाचलेला डेटा बरोबर आहे का या पडताळणीच्या) रकान्यात आकडे असतील आणि रीड-राइट शून्य असतील तर पुष्कळदा केबल किंवा कंट्रोलरची गडबड निघते, मशीन बंद करून केबल बदला, 'झेडपूल क्लिअर' करा आणि स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणी) चालवा. रीड एरर असतील आणि स्मार्टमध्ये (डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदीत) 'करंट पेंडिंग सेक्टर' (वाचायला अडणारे भाग) वाढत असेल तर डिस्क बदलायचीच.

बदलताना सिरियल नंबर जुळवल्याशिवाय काहीही उपसू नका. 'एसडीबी', 'एसडीसी' ही सिस्टमने डिस्कना दिलेली नावं रीबूटनंतर बदलू शकतात, त्यांच्या भरवशावर चांगली डिस्क बाहेर यायची. नव्या डिस्कचा रिसिल्व्हर संपला की प्रत्येक ट्रेवर सिरियलचे शेवटचे चार आकडे चिकटवून टाका.