छोट्या शिडाच्या बोटीत जेवणाचं टेबल फार जागा खातं. ते काढून भिंतीला घडीचं टेबल लावावं का?

लावा. सव्वीस फुटी बोटीत मधोमध पायावर उभं टेबल म्हणजे वाटेत बसलेली म्हैस.

इंग्लंडात हॅम्बल नदीत, साउथॅम्प्टनच्या जवळ, आमची वेस्टरली सेंटॉर जातीची शिडाची बोट आहे. निम्मी माझी, निम्मी बायकोच्या भावाची. त्याने हौसेने सागवानी टेबल करून घेतलं, दोन्ही बाजूंना झुलत्या फळ्या. न्हाणीघरातल्या काट्यावर १९ किलो भरलं. संडासात जायचं तर पोट आत घेऊन खेकड्यासारखं सरकत जायचं. मी म्हटलं, घडीचं करू. तर म्हणतो, "भावजी, टेबल कसं पायावर उभं हवं. लटकणारं टेबल चाळीत."

हो, चाळीतच! गिरगावात दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा माणसं. बाबांनी भिंतीला फळी ठोकली होती, खाली तिरका टेकू. जेवणं झाली की फळी वर, कडी अडकवली की तिथेच अंथरुणं. बंगल्यात वाढलेल्याला हे काय कळणार.

मग खाडीपलीकडच्या शेरबुर्ग या फ्रेंच बंदराला निघालो. नीडल्सचे खडक मागे पडले, वारा वाढला, बोट कलली आणि एका फळीची अडसर तुटली. झालं, प्रत्येक लाटेला फळी दारासारखी आपटतेय. झुलत्या शेगडीवरचा खिचडीचा कूकर जागचा हलला नाही, पण फळी बसली ती नेमकी मेहुण्याच्याच गुडघ्यावर. शेवटी दोरीने करकचून बांधली आणि उभ्या उभ्या जेवलो.

त्या हिवाळ्यात मी टेबल उखडलं. १२ मिलिमीटरचं मरीन प्लाय (पाण्यात टिकणारं प्लायवुड), पूर्ण लांबीची स्टेनलेसची पियानो हिंज, म्हणजे लांबलचक बिजागरी, ताटल्या घसरू नयेत म्हणून कडेला इंचभर पट्टी. पट्टीचे कोपरे उघडे ठेवा, नाहीतर खरकटं पुसून काढता येत नाही. सगळं मिळून पाच किलोच्या आत.

स्क्रू मात्र नकोत, आरपार बोल्ट घाला आणि मागे पत्र्याची पट्टी द्या. मी आधी स्क्रूच लावले होते. साउथॅम्प्टनजवळच्या सोलेंट सामुद्रधुनीत फेरीबोटीच्या लाटेने पाहुण्याचा तोल गेला, त्याने टेबल धरलं आणि ते लाकडाच्या ढलप्यांसकट हातात आलं. त्याचा फोटो मेहुणा आजही दर दिवाळीला घरच्या ग्रुपवर टाकतो. बरं, पायावरचं टेबल धरायला बरं पडतं हे त्याचं म्हणणं खरं आहे. म्हणून छताला धरायचा दांडा लावा. डोलकाठी डेकवर उभी असेल तर तिचा भार बहुधा टेबल लावायच्या भिंतीवरच येतो, तेव्हा तिथे खाचा पाडू नका.

आणि हो, तुमचं टेबल खाली उतरवून त्याचा पलंग होत असेल तर तो पलंग गेला. आमच्यात एक जण आता बाहेर कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या जागेत, झोपतो. मेहुणा नाही.

सागवानी टेबल त्याच्या गॅरेजमध्ये आहे. मोठी बोट असलेलं कुणी ओळखीचं असेल तर सांगा, न्यायला माणूस हवाय.