सासूबाईंना सोफ्यावरून उठवू नका

न्यू जर्सीहून एका सूनबाईंचं पत्र आलंय. सासूबाई 72 वर्षांच्या, सप्टेंबरात साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या. नोव्हेंबरात न्यूमोनिया झाला, नऊ दिवस हॉस्पिटलात गेले. घरी येऊन दोन आठवडे झाले. छाती साफ आहे, हळूहळू हिंडूफिरू द्या, असं डॉक्टर म्हणतात; पण सोफ्यावरून उठायला दोघांचा हात लागतो. पाहुण्यांसाठी काढलेल्या विम्यात फिजिओथेरपी बसत नाही. त्या लिहितात, "आम्ही त्यांना जागचं हलू देत नाही, चहापासून जेवणापर्यंत सगळं हातात देतो, तरी पायात जोर येत नाही."

ताई, त्या 'तरी'च्या जागी 'म्हणून' घाला.

मी काही वेगळं केलं नव्हतं. माझे वडील आजारातून उठले तेव्हा पाण्याचा तांब्या, चष्मा, पेपर, रिमोट सगळं पलंगाशेजारच्या स्टुलावर मांडून ठेवलं होतं. पंधरा दिवसांनी त्यांना न्हाणीघराचा उंबरठा ओलांडवेना. दोष आजाराला दिला, निम्मा तरी त्या स्टुलाचा होता. 2007 साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. साठीपुढच्या, चांगल्या धडधाकट माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं, तर दोन्ही पायांचं मिळून सुमारे एक किलो मांस झडलं. त्यांना ना ताप होता ना खोकला. तुमच्या सासूबाईंना दोन्ही होतं.

आता उपाय. तो सोफा आधी विसरा. खोल, मऊ, गुडघ्यापेक्षा खाली जाणारी बैठक. त्यातून उठताना तिशीतली माणसंही हाताचा रेटा देतात. जेवणाच्या टेबलाची खुर्ची घ्या, चाकं नसलेली, पाठ भिंतीला टेकवून ठेवलेली. तिच्यावर गोधडी चार घड्या करून घाला. बैठक उंच झाली की उठणं सोपं होतं, सगळी युक्ती एवढीच. सासूबाईंनी पुढच्या कडेला सरकून बसायचं, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायच्या, नाक पायाच्या अंगठ्यांच्या वर येईल इतकं पुढे वाकायचं आणि उठायचं. बहुतेक जण सरळ बसल्या बसल्या वर उठू पाहतात, म्हणून जमत नाही. खाली बसताना धपकन नको, मनात चार अंक मोजत. पायाचे स्नायू खरे कामाला लागतात ते या सावकाश बसण्यात.

सुरुवातीला पाच वेळा, दिवसातून तीनदा. खुर्चीच्या हातांचा आधार घेतला तरी चालेल. पाच सहज जमायला लागल्या की आठ करा, मग गोधडीची एक घडी कमी करा. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा जास्त थकवा वाटला तर संख्या निम्मी करा, पण बंद करू नका. न्यूमोनियानंतरचा थकवा तीन महिन्यांनीही रेंगाळू शकतो, त्याला घाबरायचं कारण नाही. उठबस करताना एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे; धाप लागून शब्द तुटले तर थांबायचं.

सकाळी पलंगावरून उठताना मिनिटभर कडेला बसून राहू द्या. आजारपणानंतर, त्यातून रक्तदाबाची गोळी चालू असेल तर, उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते. मधुमेहाचं औषध असेल तर व्यायाम उपाशीपोटी नको.

दुसरा व्यायाम स्वयंपाकघरातला. चहा उकळेपर्यंत ओट्याची कड धरून टाचा उचलायच्या, दहा वेळा, सावकाश. पायात मोजे नकोत. लाकडी फरशीवर मोजे म्हणजे घसरगुंडी. आणि एक नाजूक गोष्ट: साडीच्या निऱ्या पायात येतात. व्यायामापुरता पंजाबी ड्रेस घाला म्हणावं. कुरकुरतील, पण नात म्हणाली तर ऐकतील.

खाण्याचं मात्र मनावर घ्या, कारण इथे आपल्या घरांत फसगत होते. "वरण-भात खाल्ला पोटभर" म्हणतात, पण त्या पळीभर पातळ वरणात डाळ जेमतेम दोन चमचे असते. आजारातून उठणाऱ्या वयस्कर माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात. 55 किलोच्या बाईला निदान 66 ग्रॅम. अर्धी वाटी मुगाची धिरडी साधारण 15 ग्रॅम देतात, एक अंडं 6. तुमच्याकडे मिळणारं घट्ट ग्रीक दही शाकाहारी माणसाला वरदानच आहे. उपवास सध्या बंद; साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच, खिचडीतलं शेंगदाण्याचं कूट तेवढं उपयोगाचं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवा.

एक इशारा. पोटरी दुखते म्हटलं की आपण तेल कोमट करून चोळायला बसतो. दोन्ही पाय सारखेच जड वाटत असतील तर खुशाल चोळा. पण एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली तर हात लावू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बरेच दिवस पडून राहिल्यावर शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. आणि अचानक धाप लागली किंवा छातीत कळ आली तर वाट न बघता 911. परतीच्या लांब विमानप्रवासाआधीही हा विषय डॉक्टरांकडे काढा.

सासूबाईंना देवापुढे खाली बसता येत नाही याची रुखरुख आहे, असंही तुम्ही लिहिलंय. सध्या देव टेबलावर मांडा आणि पूजा उभ्याने किंवा खुर्चीवर होऊ द्या. जमिनीवरून उठायचा सराव नंतर, गोधडी पूर्ण निघाल्यावर: आधी कुशीवर वळून हात-गुडघ्यांवर रांगायच्या स्थितीत यायचं, समोरच्या खुर्चीवर हात टेकायचे, एक पाय पुढे रोवायचा आणि मग वर. तोवर तुम्ही त्यांच्या शेजारी उभ्या राहा, पण दंड धरून ओढू नका. तोल गेलाच तर सावरायला असा, एवढंच.

पुढच्या पत्रात गोधडीच्या किती घड्या उरल्या ते कळवा.