कडेच्या पेशी जगतात, मधल्याच का मरतात?

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी नांदेडला एमएस्सी बायोटेकला आहे. प्रोजेक्टसाठी कायटोसान-जिलेटिनचा स्कॅफोल्ड (पेशी वाढवायचा सच्छिद्र सांगाडा) केलाय, साधारण 5 मिलिमीटर जाड, ग्लुटराल्डिहाइडने क्रॉसलिंक केलेला, म्हणजे रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडून घट्ट केलेला. फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीच्या पेशी) डिशमध्ये मस्त वाढतात, पण स्कॅफोल्डमध्ये टाकून आठवड्याने काप काढून लाइव्ह-डेड स्टेन (जिवंत पेशी हिरव्या, मेलेल्या लाल) केलं की कडेला हिरवं आन मधे सगळं लाल. मीडिया (पेशींचं पोषक द्रावण) रोज बदलतेय, त्यातलं सिरम (वाढीचे घटक देणारं रक्तद्रव) पण वाढवून बघितलं, तरी पेशी मरायल्यातच. लॅबमधले म्हणतात कंटॅमिनेशन (जंतूंचा शिरकाव) असंल. नेमकं काय?
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : काप काढून बघितलंस हे लई चांगलं केलंस. बरेचजण नुसतं एमटीटी (जिवंत पेशींचा एकूण अंदाज देणारी रंगाची चाचणी) करतात आणि आकडा बरा आला की खूश, मधे काय झालंय कुणी बघत नाही. कंटॅमिनेशन मला वाटत नाही. मायकोप्लाझ्मा या बारीक जिवाणूने मीडिया गढूळ होत नाही हे खरं, पण तो कड आणि मध असा भेद कशाला करेल?

माझा पहिला संशय ऑक्सिजनवर. शरीरात बहुतेक पेशी केशवाहिनीपासून 100 ते 200 मायक्रॉनच्या आत असतात, तुझ्या स्कॅफोल्डचा मध कडेपासून अडीच मिलिमीटरवर आहे आणि आत रक्तवाहिनी एकही नाही. जायकवाडीच्या कालव्यासारखंच, वरचे आधी उपसून घेतात, टेलला काही पोचत नाही. मीडिया बदलून ग्लुकोज मिळतं, ते आधीच भरपूर असतं, हाय-ग्लुकोज डीएमईएम या नेहमीच्या मीडियात 25 मिलिमोलर, आणि विरघळलेला ऑक्सिजन मात्र जेमतेम 0.2 मिलिमोलर. सिरम वाढवलंस तर कडेच्या पेशी अजून वाढतात आणि अजून ऑक्सिजन खातात, म्हणजे मधल्यांचे हाल उलट वाढलेच. जास्त पेशी पेरल्यावरही तेच होतं. वेलमध्ये मीडिया काठोकाठ भरत असशील तर तेही कमी कर, ऑक्सिजन वरच्या हवेतूनच खाली झिरपत येतो.

पण एक शंका मिटवून घे. ग्लुटराल्डिहाइड विषारी, आणि धुताना सगळ्यात शेवटी निघतं ते मधलंच, कायटोसान विरघळवायला वापरलेलं ॲसिटिक ॲसिडही तसंच आत अडकतं. म्हणून पेशी टाकल्यावर 24 तासांनी एक काप काढ. तेव्हाच मधे लाल दिसलं तर धुण्यात घोळ असायची शक्यता जास्त, 24 तासांना हिरवं आणि नंतर हळूहळू लाल झालं तर ऑक्सिजनच. सोबत पेशी न टाकलेला स्कॅफोल्ड, शक्यतो कापून, एक दिवस मीडियात ठेव आणि तो मीडिया डिशमधल्या पेशींवर घाल. त्या मेल्या किंवा मीडियाचा रंग पिवळा पडला (म्हणजे आम्ल उरलंय) तर ग्लायसिनने उरलेले अल्डिहाइड मारून, आम्ल न्यूट्रल करून, भरपूर वेळा पीबीएसने (मिठाच्या बफर द्रावणाने) धू.

घोळ ऑक्सिजनचाच निघाला तर जाडी कमी कर, 1 मिलिमीटरपासून सुरू कर. त्वचेचे पर्याय बाजारात लवकर आले त्यात पातळपणाचा वाटा मोठा, आणि कूर्चेला मुळात रक्तवाहिन्याच नसतात म्हणून तिच्या पेशी कमी ऑक्सिजनवर तग धरतात, फायब्रोब्लास्टकडून ती अपेक्षा नको. जाडच हवा असेल तर मीडिया आरपार ढकलणारा परफ्युजन बायोरिॲक्टर लागतो. पेरिस्टाल्टिक पंप असेल तर कॉलेजातही जुगाड जमतो, फक्त वेग कमी ठेव, जोरात प्रवाह सोडलास तर चिकटलेल्या पेशीच सुटून वाहून जातील. प्लेट गोल गोल हलवणाऱ्या ऑर्बिटल शेकरनेही थोडा फरक पडतो, पण 5 मिलिमीटरला तो पुरायचा नाही.