पगार तीस हजार, पहिलं बाळ जुलैत: बेळगावात बाळासाठी काय विकत घ्यावं आणि काय टाळावं?

तुम्ही लिहिलंय की राहायला बेळगावातलं शहापूर, पगार तीस हजार, पत्नीचं माहेर चंदगडकडे, आणि दुकानात करून मिळालेली बाळाच्या सामानाची यादी साठ हजारांवर गेली आहे. माझं मत सांगतो: जन्माआधी पहिल्या सहा आठवड्यांपुरतंच घ्या, बाकी पैसे बँकेत राहू द्या. बाबागाडी-पाळण्याचा खर्च एकदाच होतो. लंगोट-डायपर, दूध आणि दवाखाना यांचा खर्च महिन्याला येतो, आणि घराचं गणित तिथे बिघडतं.

जुलैचं बाळंतपण म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न कपडे वाळण्याचा. कापडी लंगोट दिवसाला बारा-पंधरा लागतात. उन्हाळ्यात पंचवीस लंगोटांवर भागतं. बेळगाव-खानापूरच्या पावसात एक लंगोट वाळायला दोन-तीन दिवस जातात, म्हणून चाळीस धरा. ते विकत घ्यायची गरज नाही. आजीच्या मऊ झालेल्या एका सुती नऊवारीतून ५५ सेंटिमीटरचे पंचवीसेक चौकोन निघतात. कडा मात्र शिवून घ्या. सुटा दोरा बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला की बोट काळंनिळं पडतं, आणि बाळ का रडतंय ते कोणाला कळत नाही. धुताना साबण निघेपर्यंत तीन पाण्यांतून काढा, कारण उरलेल्या साबणानेही पुरळ येतं. वाळवण्यासाठी बाळंतिणीच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका, तिचा धूर आणि विषारी वायू बाळाला घातक आहे. पंख्याखाली वाळवून वरून इस्त्री फिरवा.

डायपरचा हिशेब असा. दिवसाला आठ, नग साधारण दहा रुपये, म्हणजे महिन्याला २,४००. दिवसा लंगोट आणि रात्री दोन डायपर ठेवले तर ६००. पावसाच्या दोन महिन्यांत हजार-बाराशे धरा. सर्वांत लहान मापाचं एकच पाकीट आणा. ते माप साधारण पाच किलोपर्यंत असतं, आणि बाळ दोन-तीन महिन्यांत त्याच्या पुढे जातं. ऑफरमध्ये घेतलेली चार पाकिटं मग कोणाला द्यायची?

दुधाचं गणित याहून मोठं आहे. पाच किलोच्या बाळाला दिवसाला सुमारे ७५० मिली दूध लागतं. पावडरचं दूध द्यावं लागलं तर रोज शंभरेक ग्रॅम पावडर, म्हणजे ४०० ग्रॅमचा डबा चार दिवसांत संपतो. महिन्याला सात-आठ डबे, आणि डब्याची किंमत साडेचारशेपासून आठशेच्या घरात. डबा पुरवायला पाणी वाढवणं हा प्रकार सर्वांत वाईट, त्यात बाळाचं वजन खुंटतं. म्हणून जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजायला सुरुवात होईल हे दवाखान्यात आधीच बोलून ठेवा, आणि पहिल्या दोन आठवड्यांत त्रास वाटला तर डबा आणण्याआधी परिचारिकेकडून बाळाला धरण्याची पद्धत तपासून घ्या. बहुतेक वेळा दूध कमी नसतं, बाळाचं तोंड नीट लागलेलं नसतं. स्तनपानाऐवजी द्यायच्या दुधाची जाहिरात आणि मोफत नमुने यांवर १९९२ च्या कायद्याने बंदी आहे; कोणी फुकट डबा हातात ठेवला तर घेऊ नका. बाटल्यांचा संचही नको. वरचं दूध देण्याची वेळ आलीच तर स्टीलची वाटी आणि चमचा पुरतो, आणि उकळायला सोपा.

घ्यायच्या गोष्टी थोड्या आहेत: डिजिटल थर्मामीटर, नखं कापायची छोटी कात्री, मीटरभर रबरी शीट, लहान मच्छरदाणी, सहा झबली, चार टोपडी. वाकळ घरात असेलच. ती घडी करून सपाट अंथरा आणि बाळाला उताणं झोपवा. राईची उशी, कडेच्या गाद्या काही नको. पाळणा नातेवाइकांकडून मागून आणा, मात्र खिळे, दोऱ्या आणि कड्या स्वतः तपासा. वॉकर तर कोणी फुकट दिला तरी नको. बाळ त्यातून उंबऱ्यावर किंवा जिन्यावर उलटतं, आणि चालायलाही लवकर शिकत नाही. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरवर बंदीच घातली.

सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या आणि घरी सोडणारी गाडी मोफत आहे, रेशनकार्ड कोणतंही असो. खासगीत जायचं ठरलं तरी एक गोष्ट आधी विचारा: बाळ आजारी निघालं तर नवजात कक्षाचा रोजचा खर्च किती? खरा मोठा फटका तिथे बसतो. जिल्हा रुग्णालयातल्या नवजात विशेष कक्षाचा पर्याय ध्यानात ठेवा. लसींचंही तसंच. रोटाव्हायरस (जुलाबावरची) आणि न्यूमोकोकल (न्यूमोनियावरची) या खासगीत महाग पडणाऱ्या लसी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात.

मातृवंदना योजनेत पात्र घराला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. पत्नी माहेरी जाणार असेल तर नोंदणी एकाच ठिकाणी पक्की करा आणि आई-बाळाचं कार्ड सोबत न्या. इकडे अर्धी, तिकडे अर्धी नोंद झाली की हप्ता अडकतो.

सहा महिन्यांनंतर पाकिटातलं बाळअन्न नको, नाचणी आणा. रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, सावलीत पूर्ण वाळवा, मंद आचेवर भाजून दळा आणि चाळा. ओल राहिली तर पिठाला आठवड्यात वास येतो. म्हणून एका वेळी पाव किलोच करा. दोन चमचे पिठाची पेज, वर थोडं तूप. वर्षापर्यंत मीठ, साखर, मध नाही.

जन्मनोंद जिथे बाळंतपण होईल तिथलीच. बेळगावात झालं तर कर्नाटकची, चंदगडला झालं तर महाराष्ट्राची. २१ दिवसांत मोफत होते, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो. इथला दाखला कन्नड आणि इंग्रजीत छापला जातो, तेव्हा आई-वडिलांची आणि बाळाची नावं आधार कार्डावरच्या स्पेलिंगप्रमाणे कागदावर लिहून द्या, तोंडी सांगू नका. बारशाआधी नाव ठरलं नसेल तर बिननावाची नोंद करा. एका वर्षाच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं.